डोअर पॅडचं रेक्झिन पुन्हा पुन्हा सुटतंय? आधी कुठून सुटलंय ते बघा

कोल्हापुरात माझं कुशनचं दुकान आहे. गाडीचं सीट कव्हर, रूफचं कापड, डोअर पॅड (दाराच्या आतल्या अंगाचं आवरण) सगळंच करतो. पण परत येणारं काम म्हणाल तर एकच: हौसेनं करून घेतलेल्या डोअर पॅडचं रेक्झिन वर्षाच्या आत सुटलं.

आमच्याकडे दोन्ही अंगांनी गाड्या येतात. करूळ, फोंडा, आंबा घाट चढून कोकणातल्या, आणि मिरज ओलांडून सोलापूरकडच्या. घाट चढून आलेल्या गाडीचं पॅड बहुतेक वेळा खालच्या कडेनं सुटलेलं असतं. सोलापूरकडच्या गाडीचं वरच्या, काचेजवळच्या कडेनं. गोंद तोच, रेक्झिन तेच, हातही आमचेच. हे ध्यानात यायला मला बरीच वर्षं लागली आणि तोवर मी प्रत्येक गाडीला एकच इलाज करत होतो: उचकट, घास, चिकटव. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. म्हणून ज्यांचं पॅड दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा सुटलंय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. घरच्या घरी डोअर पॅड करणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

लक्षणं

खालची कड फुगलेली, लाटेसारखी वाकडी. बोटानं दाबली तर पापड मोडल्यासारखी कुरकुरते किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखी दबते. पावसात दार उघडलं की कुबट वास. पायाशी मॅट ओली, पण काच तर बंद होती.

वरची कड सुटून आत वळलेली, रेक्झिन आखडल्यासारखं, कोपऱ्यात पॅडचा उघडा बोर्ड किंवा प्लास्टिक दिसतंय. सुटलेल्या जागी गोंद चिकट, तेलकट, बोटाला तार सुटते.

आर्मरेस्टच्या वर किंवा हँडलच्या खोलगट भागात रेक्झिन तंबूसारखं ताणून उभं राहिलंय. दाबलं की बसतं, हात काढला की परत वर.

शिलाईच्या जागी सुईची भोकं लांबट झालीत, दोरा दिसतोय.

पूर्ण पॅडच दारापासून बोटभर बाहेर आलंय, दार आपटलं की खडखडतं. हे वेगळं दुखणं आहे, पण लोक तेही "रेक्झिन सुटलं" म्हणूनच आणतात.

१. सुटलेला भाग उलटून बघा. खर्च शून्य

चिकटवण्याआधी हे करा, कारण एकदा नवा गोंद लावलात की पुरावा गेला. सुटलेली कड हळूच दोन इंच मागे ओढा, मोबाइलची बॅटरी मारा, आणि गोंद कुणाकडे राहिलाय ते पाहा. माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही सगळ्यात मोलाची, आणि हीच कुणी करत नाही.

दोन्ही बाजूंना गोंदाचा थर शाबूत आणि वरून चकचकीत दिसला, तर दोन थर एकमेकांत कधी मिसळलेच नाहीत. गोंद लावून जास्त वेळ ठेवला, नाहीतर दाब कमी पडला.

गोंद सगळा रेक्झिनच्या पाठीला आणि बोर्ड कोरा, तर बोर्डावर धूळ, मेण किंवा ओल होती, नाहीतर ते प्लास्टिक गोंद धरणारं नव्हतंच.

उलटं, गोंद सगळा बोर्डावर आणि रेक्झिनची पाठ स्वच्छ, तेलकट. मग रेक्झिनातलं तेल बाहेर आलंय. रेक्झिन पीव्हीसी प्लास्टिकचं असतं, ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं. उन्हात ते हळूहळू पाझरतं आणि साध्या गोंदाला मऊ करून टाकतं. ज्या रेक्झिनला मागं कापड नाही, त्यात हे जास्त.

दोन्हीकडे फोमचे तुकडे दिसले, तर गोंदानं आपलं काम चोख केलंय, फोम मधून फाटलाय. फोम बोटात चोळून पाहा. पिवळी भुकटी झाली तर त्याचं आयुष्य संपलं. दमट हवेत काही जातीचे फोम असेच विरघळत जातात. त्याच्यावर नवीन गोंद मारणं म्हणजे वाळूवर प्लास्टर.

आणि बोर्डाचाच पातळ थर रेक्झिनला चिकटून आला असेल, तपकिरी, लोकरीसारखा, तर थेट तिसऱ्या आणि चौथ्या तपासणीकडे जा. पाणी आहे.

२. क्लिपा मोजा

पॅड दाराला प्लास्टिकच्या क्लिपांनी धरलेलं असतं. एकदा पॅड काढलं की दोन-चार मोडतात, आणि घाईत असलेला माणूस उरलेल्यांवर पॅड बसवून मोकळा होतो. मग दार आपटल्यावर कड दर वेळी थोडी हलते, आणि दिवसाला पन्नास वेळा हललेली कड गोंद किती दिवस धरणार?

कस्टम पॅडमध्ये आणखी एक घोळ असतो. मागं वळवलेलं रेक्झिन आणि फोम मिळून कडेची जाडी वाढते, त्यामुळे क्लिपचं टोक दाराच्या भोकापर्यंत नीट पोचत नाही. मूठ मारून बसवलं की बसल्यासारखं वाटतं आणि महिन्यात सुटतं. क्लिपच्या भोवती दीड इंच जागेतला फोम खरवडून काढा, मागची घडी तिथं कापा. क्लिपा गाडीच्या मॉडेलप्रमाणेच घ्या, अगदी स्वस्तात मिळतात. दहा लागत असतील तर पंधरा आणा.

३. दाराच्या बुडाची भोकं

पुष्कळांना हे ठाऊक नसतं, पण दाराच्या आत पाणी जातंच. जायलाच हवं असं धरून दार बनवलेलं असतं. काचेच्या बाहेरच्या रबरातून पावसाचं थोडं पाणी आत उतरतं, पत्र्याच्या आतल्या अंगानं खाली येतं आणि दाराच्या बुडाशी असलेल्या भोकांतून रस्त्यावर पडतं. भोकं चिखलानं, पानांनी, किंवा गंज लागू नये म्हणून मारलेल्या कोटिंगनं बुजली की दाराची बादली होते. गाडी वळवली की आतलं पाणी पॅडवर उसळतं.

दार उघडा, खाली बसा, खालच्या शिवणीवर बोट फिरवा. दोन-तीन भोकं सापडतील. खराट्याची काडी घालून साफ करा. स्क्रूड्रायव्हर नको, आतला रंग खरवडला की तिथून गंज धरतो. मग काच बंद ठेवून बाहेरून काचेवर दोन तांबे पाणी सावकाश ओता. थोड्याच वेळात खालून धार लागली पाहिजे. लागली नाही तर पाणी कुठं गेलं याचा विचार करा.

याच वेळी बाहेरच्या रबराकडेही नजर टाका. काचेला घट्ट टेकलंय ना? कडक होऊन मागं वळलेलं रबर पाणी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आत सोडतं. आणि वॉशिंग सेंटरवर त्या रबरावर जवळून प्रेशरचं पाणी मारू देऊ नका.

४. पॅडमागचा प्लास्टिक कागद

माझ्याकडे वारंवार परत आलेल्या कामांत सगळ्यात जास्त वेळा दोष इथं सापडलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कणकवलीची एक व्हॅन होती. मालक दर पावसाळ्यानंतर येऊन म्हणायचे, "काका, परत सुटलं बघा." दोनदा मी भारीतला गोंद वापरून दिला. तिसऱ्यांदा पॅड काढलं आणि चिकटवण्याऐवजी ते पालथं घालून बसलो. हार्डबोर्डच्या जाळीदार पाठीवर तीन तपकिरी रेघा होत्या, एकावर एक, विहिरीच्या भिंतीवर पाण्याच्या खुणा असतात तशा. तीन पावसाळे. प्रत्येक रेघ मागचीपेक्षा बोटभर वर. दाराकडे पाहिलं तर प्लास्टिकच्या कागदाला स्पीकरच्या आकाराचं भगदाड. कुणीतरी मोठा स्पीकर बसवताना कागद कटरनं कापून टाकला होता आणि परत लावलाच नव्हता. गोंदाचा काही अपराध नव्हता. मी दोन वर्षं त्या माणसाचे पैसे चुकीच्या जागी लावले, याचं मला आजही वाईट वाटतं.

हा कागद दाराचा ओला भाग आणि पॅड यांच्यामध्ये असतो. त्याचं काम एकच, पाणी दाराच्या आतच ठेवायचं. तो तपासायला पॅड काढावं लागतं. जुन्या गाड्यांत काच वर-खाली करायच्या हँडलमागं घोड्याच्या नालेसारखी छोटी क्लिप असते. हँडल आणि पॅडच्या मधे फडक्याची पट्टी घालून दोन्ही टोकं मागं-पुढं ओढा, क्लिप टणकन उडते. खाली चादर अंथरून ठेवा, नाहीतर दिवसभर शोधत बसाल. आर्मरेस्टच्या खळग्यात आणि आतल्या हँडलमागं झाकणाखाली स्क्रू लपलेले असतात. सगळे सापडल्याशिवाय ओढू नका. पॅड निघालं की लगेच खेचू नका, स्विच आणि स्पीकरच्या वायरी मागं जोडलेल्या असतात.

कागद फाटका असेल तर नवा लावा. जाड पॉलिथीन, २०० मायक्रॉनच्या आसपास, चालतं. ताडपत्री नको, ती वळत नाही आणि घड्यांतून पाणी येतं. चिकटवायला ब्युटाइल रबराची काळी चिकट दोरी वापरा, ती सुकत नाही. साधी सेलोटेप आणि कागदी टेप एका पावसाळ्यात उकलते. एक गोष्ट कधीच विसरू नका: कागदाचं खालचं टोक दाराच्या पत्र्यातल्या फटीतून आत सोडायचं, बाहेर लोंबतं ठेवायचं नाही. आत सोडलं की कागदावरून ओघळलेलं पाणी दारातच पडतं. बाहेर राहिलं की तोच कागद पन्हाळीसारखा पाणी पॅडवर आणून सोडतो. चांगला नवा कागद लावूनही पॅड भिजलेली कितीतरी दारं मी याच एका चुकीपायी उघडली आहेत.

पॅड बसवायच्या आधी परत काचेवर पाणी ओता आणि आतून बॅटरी मारून पाच मिनिटं बघा. कागदाच्या अलीकडे एक थेंबही दिसता कामा नये.

५. बोर्ड

मारुती ८०० किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीचं काम करताना हार्डबोर्डचीच पॅडं हाती येतात. हार्डबोर्ड चांगलाच असतो, फक्त त्याला पाणी सोसत नाही. एकदा फुगला की वाळला तरी परत पहिल्या जाडीवर येत नाही. फुगलेल्या कडेवर रेक्झिन चिकटवू नका, ती कड हातानं उकलते आहे तर रेक्झिन काय धरणार.

नवीन ३ मिमी हार्डबोर्ड घ्या. जुनं पॅड वर ठेवून आखा, क्लिपांची भोकं जुन्यावरूनच उतरवा, अंदाजानं नको. कापून, भोकं पाडून झाल्यावर सगळीकडून ऑइल पेंटचे नाहीतर वॉर्निशचे दोन पातळ हात द्या. कडा आणि भोकांच्या आतल्या बाजूला तिसरा. बोर्ड पाणी पितो तो कडेनं आणि भोकांतून, सपाट तोंडानं फार कमी. रंग भोकं पाडायच्या आधी मारला तर तो वाया गेला असं समजा. पुढची बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून मगच गोंद. एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबून केलेला बोर्ड) स्वस्त म्हणून कुणी सुचवलं तर दाराला लावू नका.

नव्या गाड्यांची पॅडं साच्यातल्या प्लास्टिकची असतात. पाठीमागं बारीक अक्षरांत प्लास्टिकची जात उठवलेली असते. एबीएस असेल तर घासून, पुसून गोंद छान धरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असेल तर कुठलाही साधा गोंद दोन-चार महिन्यांत साल सुटल्यासारखा निघतो. त्यासाठी प्लास्टिकचा प्रायमर मिळतो, बंपर रंगवणाऱ्यांकडे असतो. घासायचं, प्रायमर मारायचा, मग गोंद. ती दोन अक्षरं न वाचता केलेलं काम मी ओळखू शकतो: बोर्ड कोरा आणि गोंद सगळा रेक्झिनला.

६. गोंद आणि हात

इथवर येऊन पाणी, क्लिपा, बोर्ड सगळं ठीक निघालं, तर आता परत चिकटवा.

जुना गोंद आणि फोम पूर्ण काढा. थिनर बोर्डावर चालेल, रेक्झिनच्या तोंडावर एक थेंबही नको, चकाकी जाते आणि ती परत येत नाही. गोंद सिंथेटिक रबरचा घ्या आणि डब्यावर उष्णता सोसण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीचा वरचा काठ हात टेकवत नाही इतका तापतो. तिथं सुताराच्या लाकडी कामाचा पांढरा गोंद टिकत नाही. रेक्झिन कापडी पाठीचंच घ्या.

दोन्ही बाजूंना पातळ, सारखा हात. मग थांबायचं. लोक इथंच चुकतात. लगेच चिकटवलं तर आतलं द्रव कोंडून फुगे येतात, फार उशीर केला तर थर मिसळत नाहीत. बोटाचं मागचं पेर गोंदावर टेकवा. चिकटतंय असं वाटलं पाहिजे, पण पेराला गोंद लागता कामा नये. उन्हाळ्यात हे सात-आठ मिनिटांत होतं, श्रावणात वीस लागतात. घड्याळापेक्षा पेरावर भरवसा ठेवा.

झडीच्या दिवसांत आणखी एक होतं. गोंद सुकताना थंड पडतो आणि हवेतलं बाष्प त्याच्यावर बसतं. नीट पाहिलं तर थरावर पांढुरकी साय दिसते. तशा अवस्थेत चिकटवलेलं पॅड दिवाळीपर्यंतही टिकत नाही. साय आली तर आधी पूर्ण सुकू द्या, मग हलकी गरम हवा द्या, गोंदाचा दुसरा हात मारा. मी तर मुसळधार पावसात चिकटवायचं कामच घेत नाही, गिऱ्हाइकाला चार दिवस थांबायला सांगतो.

खोलगट भागात तंबू का होतो? कारण कारागीर कडा आधी पक्क्या करतो आणि मग मधे दाबतो. रेक्झिन ताणून खाली जातं, पण ऊन लागलं की परत सरळ व्हायला बघतं. उलटं करा. सगळ्यात खोल जागी आधी बसवा, अंगठ्यानं दाबत मधून कडेकडे या, कडा शेवटी. खोली फार असेल तर तिथं एकसंध तुकडा नकोच, दोन तुकडे शिवून ती शिवणच खळग्यात बसवा. हीट गननं रेक्झिन कोमट करून मऊ करा, पण रेक्झिनवरचा दाणा (उठावाची नक्षी) बुजायला लागला की लगेच थांबा.

मागं घडी १५ ते २० मिमी ठेवा. वळणावर चीर द्याल ती कडेपासून ३ मिमी अलीकडेच थांबवा, नाहीतर ती पुढून दिसते. टकरच्या (मोठ्या स्टेपलरच्या) पिना ४ मिमीपेक्षा लांब नकोत, ३ मिमी बोर्डातून टोक पुढं येतं. शिलाईला पॉलिएस्टरचा दोरा, टाका ४ मिमीच्या आसपास. बारीक टाका मजबूत वाटतो, पण रेक्झिनला तो भोकांची रांग पाडतो आणि तिथूनच ते फाटतं. सुती दोरा ओलीत कुजतो.

काम झाल्यावर पॅड चोवीस तास सावलीत सपाट ठेवा, मग दाराला लावा. गिऱ्हाईक दारात उभं असतं, मला कळतं, पण संध्याकाळी चिकटवून सकाळी उन्हात उभी केलेली गाडी हमखास परत येते.

गोंद आणि थिनरच्या वाफा पेट घेतात. दारं-खिडक्या उघडी ठेवा, जवळ शेगडी, उदबत्ती, विडी काही नको, गोंद ओला असताना हीट गनही नको. डोकं जड झालं तर काम टाकून बाहेर या.

कुठं थांबायचं

दारावर किंवा पॅडवर एअरबॅगची खूण असेल, किंवा पॅडमागं पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला, तर तिथंच थांबा. सर्व्हिस सेंटर गाठा. काही गाड्यांत बाजूच्या धडकेचा सेन्सर दाराच्या आतल्या हवेचा दाब मोजतो. अशा दाराचा कागद हातानं कापून बसवला तर धडकेच्या क्षणी त्याची नोंद चुकू शकते. तिथं कंपनीचा मूळ कागदच लागतो आणि तो माहीतगारानंच लावायचा. एअरबॅग असलेल्या दाराच्या पॅडवर नवं जाड कव्हर चढवायचं काम मी स्वतः घेत नाही, कितीही पैसे दिले तरी.

कागद नवा, भोकं मोकळी, तरीही आत पाणी येतंय, तर ते काचेच्या चौकटीच्या रबरातून किंवा दाराच्या मुख्य रबरातून येतंय. काच सरकत्या पट्टीतून काढावी लागते. ते काचवाल्याचं काम आहे. काच वाकडी बसली तर पुढं ती वर-खाली करणारी मोटर जळते.

स्विच दाबल्यावर काच अडखळते, वायरीवर हिरवट गंज दिसतो, तर आधी इलेक्ट्रिशियन, मग मी.

आणि भोकं साफ करताना काडीला तांबूस चिखल लागला तर दाराच्या खालच्या शिवणीवर आतून स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच दाबून बघा. पत्रा दबला किंवा टोक आत गेलं, तर पॅडचं काम काढूच नका. आधी डेंटिंगवाल्याकडे पत्रा कापून नवा लावून घ्या, आतून गंजविरोधी रंग मारून घ्या, आणि भोकं परत मोकळी ठेवलीत ना ते स्वतः उभं राहून पाहा. मग पॅड घेऊन या.